विहिरीजवळचा तुकडा

विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदलला तेव्हा आत्या सातव्या गायीखाली बसली होती. नेहमीच्या एकसुरी घरघरीत मधेच एक ढेकर आला आणि पाठोपाठ कोरडा, खरवडल्यासारखा खाकरा. गायीनं कान टवकारले. आत्याच्या हातातली धार थांबली नाही, पण बोटं आपोआप मंदावली.

"बंद कर! अरे बंद कर ती, जळेल!" बाहेरून दादाचा आवाज आला.

कुणीतरी धावलं, खटका पडला, आणि इतकं शांत झालं की गोठ्यातल्या माश्या ऐकू यायला लागल्या.

मोटार हवा ओढत होती. बादली झाकून आत्या बाहेर आली तोवर सगळं घर काठावर जमलं होतं. दादा, तिचा मोठा भाऊ, बनियनवरच कठड्याला दोन्ही हात टेकून आत बघत होता. त्याचा थोरला मुलगा बॅटरीचा झोत खाली मारत होता. थोरल्याची बायको, जिला हल्ली दूध न्यायला येणारा माणूससुद्धा सूनबाईच म्हणतो, उकिडवी बसून काहीतरी मोजल्यासारखी टक लावून होती. आणि वहिनी, दादाची बायको, रिकामी कळशी कडेवर घेऊन सगळ्यांच्या मागे उभी होती.

"तळ दिसतोय," थोरला म्हणाला.

"तळ नाही. गाळ दिसतोय," दादा म्हणाला.

"गाळ तळावरच असतो ना, बाबा."

"स्वयंपाकाला पाणी कुठून आणू ते आधी सांगा," वहिनी मागून म्हणाली. "तळ का गाळ ते सावकाश ठरवा."

उन्हाळा अजून अर्धासुद्धा सरला नव्हता. सकाळ धड उजाडली नव्हती, तरी कठड्याचा दगड हाताला कोमट लागत होता. विहिरीच्या पलीकडे गायींच्या चाऱ्याचे, लसूणघासाचे चार तुकडे पसरले होते. तीन जुने, एक यंदाचा. त्यातला विहिरीला लागून असलेला तुकडा दादाचा लाडका. छातीचं ऑपरेशन झालं त्या वर्षी डॉक्टरांनी खोऱ्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं, आणि दादानं हट्टानं तो अख्खा तुकडा एकट्यानं पेरला होता. वहिनी तेव्हा बांधावर बसून रडली होती, आणि रडून झाल्यावर त्याला बियाणं ओंजळीनं देत गेली होती. त्या घासाची निळी-जांभळी फुलं आली की दादा अजूनही कुणाला ती पहिले दोन दिवस कापू देत नसे.

"धाकट्याला बोलव," दादा म्हणाला. "बसू आज सगळे. हे असं नाही चालायचं."

थोरल्यानं तोंड वाकडं केलं, पण फोन लावला.

*

समोरच्या खोलीत पंखा होता, म्हणून सगळे तिथं बसले. म्हणजे बसले असं म्हणायचं. प्रत्यक्षात बूड टेकून राहिलं कुणीच नाही. दादा खिडकीपाशी जायचा, शेताकडे बघायचा, परत यायचा. थोरला पाय हलवत होता. धाकटा अंजिराच्या बागेतून मोटारसायकलवर आला तो हेल्मेट मांडीवर घेऊनच बसला, आता उठतो का मग उठतो अशा थाटात. गेल्या वर्षी घरात वाटणीचा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला, तो त्यानंच उच्चारला होता. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत ते तिसऱ्याकडे बघून.

आत्या दाराशी बसली. तिथून गोठा दिसे.

"माझं म्हणणं साधं आहे," दादानं सुरुवात केली. "चार तुकडे, आणि ह्याची बाग. ज्याला जेवढं पाणी जात होतं त्याच्या निम्मं. सगळ्यांना सारखं. ह्या घरात आजवर कुणाच्या ताटात कमी-जास्त वाढलेलं नाही, आता शेतात तरी का वाढायचं?"

"मला चालेल," धाकटा लगेच म्हणाला. निम्मं का होईना, मिळत होतं.

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. सूनबाईनं पदराला बोटं पुसली. तिला भूक असो, राग असो, आधी बोटं पुसायची सवय होती.

"बाबा, निम्म्या पाण्यानं वरची चार बोटं माती भिजते. ती दुपारपर्यंत सुकून जाते. मुळापर्यंत काही पोचतच नाही. आपण घासाला पाणी देत नाही, उन्हाला देतोय."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"जुने तिन्ही तुकडे बंद करायचे. पूर्ण. उन्हाची धग सरेपर्यंत एक थेंब नाही. थंडीत आणि त्यानंतर आपण भरपूर कापण्या काढल्या, तेव्हाचं पाणी सत्कारणी लागलं. आता तेवढंच पाणी दिलं तर निम्मा घास येतो, तोही बारीक आणि काडीचा. त्यापेक्षा झोपू द्यायचं त्याला."

"झोपू द्यायचं?"

"वरून वाळेल. गंजल्यासारखा दिसेल. पण मरणार नाही. माझ्या माहेरी दर उन्हाळ्यात असंच करतात, आमच्याकडे विहिरींना एवढंसुद्धा पाणी नसतं. जुन्या घासाची मुळं दोन पुरुष खोल गेलेली असतात, ती तग धरतात. यंदाच्याची अजून हातभरही नाहीत. त्याला पाणी तुटलं तर तो गेलाच. म्हणून जे आहे ते त्याला द्यायचं, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पोटभर. आणि घराला."

दादा खिडकीतून वळला.

"म्हणजे म्हाताऱ्यांना उपाशी ठेवायचं आणि पोराला पाजायचं."

सूनबाईनं परत पदराला बोटं पुसली.

"बाबा, मी घासाबद्दल बोलतेय."

"मीही घासाबद्दलच बोलतोय."

वहिनीनं घसा साफ केला. एवढ्या वर्षांत अशा बैठकीत वहिनी चहा घेऊन येई आणि कप घेऊन जाई. त्यापलीकडे तिचं मत कुणी ऐकलं नव्हतं, म्हणजे विचारलं नव्हतं. "मला ते मुळांचं काही कळत नाही," ती म्हणाली. "पण आज सकाळी नळाला चिखल आला. सूनबाई म्हणते तसं करून घराला पाणी राहणार असेल तर तसं करा. मी गाळात पीठ मळणार नाही."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. सून विरोधात जाणार हे त्यानं धरून ठेवलं होतं. बायको जाईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"आणि माझी बाग?" धाकट्यानं हेल्मेट खाली ठेवलं. "निम्मं तरी मिळत होतं, आता त्यावरही पाणी सोडायचं?"

"तुमच्या बागेचं पाणी आहे तसंच राहील," सूनबाई म्हणाली. "ठिबकला लागतंच किती? थेंब थेंब बुंध्याशी जातं ते. झाड वाळलं तर परत उभं करायला वर्षं जातात."

"अंजिराला पूर्ण?" थोरला उसळला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर चारचौघांत आवाज चढवला असेल. "आपल्या तुकड्यांना शून्य आणि ह्याला पूर्ण? हे तू मला आधी नव्हतं सांगितलंस!"

"आधी विचारलं कुठं होतंत?"

धाकट्यानं भावाकडे पाहिलं, मग सूनबाईकडे, म्हणजे आपल्या वहिनीकडे, आणि हेल्मेट पायानं खुर्चीखाली सरकवलं. "वहिनीचं म्हणणं मला पटतं," तो म्हणाला. मघाशी त्याला दादाचं पटलं होतं.

आता खोलीत एकच माणूस उरलं होतं ज्याचं काही ठरलं नव्हतं. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

दादाला आपल्याकडून काय हवंय ते आत्याला माहीत होतं. नवऱ्यामागे ती या घरात परत आली तेव्हा चार शहाण्यांनी चार सल्ले दिले होते. दादानं सल्ला दिला नाही. बाजारातून एक पाडी आणून तिच्या हातात दोर दिला. त्या एका पाडीचा आज अकरा गायींचा गोठा झाला होता. गावातल्या वसतिगृहाची पोरं तिचं दूध पिऊन वाढत होती. तेव्हापासून दादा म्हणेल ती तिची पूर्व दिशा. वाटणीचा विषय निघाला तेव्हाही ती काही न बोलता त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती.

"आत्या, तुमच्या गायींचं अवघड आहे," सूनबाई खालच्या आवाजात म्हणाली. "वाळवून ठेवलेला घास आणि नव्या तुकड्याचा हिरवा मिळून चार गायी निघतील. जास्त नाही."

"उरलेल्या सात?"

"तेच म्हणतोय मी!" दादा मोठ्यानं म्हणाला. "सांग त्यांना. सात गायी काय बांधावर बांधायच्या? तू सांग आता. तू तरी सांग."

आत्यानं गोठ्याकडे पाहिलं. गायी सकाळपासून पाण्याच्या हौदावर माना टाकून होत्या, आणि हौद अर्धा होता. तिला दादाच्या बाजूनं बोलायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण निम्मं पाणी म्हणजे हा हौदही निम्मा, आणि मग निम्मा होता होता एक दिवस कोरडा, हे तिला उघड दिसत होतं.

"नदीपलीकडे लहानीकडे पाठवते," ती म्हणाली. लहानी म्हणजे त्या दोघांची धाकटी बहीण. "तिच्याकडे चारा आहे. सात गायी ती ठेवून घेईल. सूनबाई म्हणते तसं करा."

दादानं खुंटीवरचा सदरा काढला, एक बाही घातली, दुसरी सापडेना म्हणून तसाच बाहेर पडला. खुर्च्या सरकल्या, दोघे भाऊ मोटारीचा पाइप अजून खाली सोडायच्या गोष्टी करायला लागले. त्या गडबडीत सूनबाई म्हणत होती, "एक मात्र करा. एकदा बंद केलं की बंद. मधेच दया येऊन भर उन्हात पाणी सोडायचं नाही. तापलेल्या जमिनीत पाणी साचलं की मुळं शिजतात." कुणी ऐकलं, कुणी नाही. आत्याचं लक्ष सदऱ्याच्या लोंबत्या बाहीकडे होतं.

*

गायी ट्रकमध्ये चढवताना दादा मदतीला आला नाही. एरवी गायीला नुसतं सर्दीचं औषध पाजायचं असलं तरी तो आधी हजर असे. लहानीचा नवरा ट्रकबरोबर आला होता, त्यानं दोनदा विचारलं, "दादा कुठं आहेत?" आत्या म्हणाली, "शेतात." खोटं नव्हतं. तो विहिरीजवळच्या तुकड्याच्या बांधावर इकडून तिकडे फेऱ्या मारत होता.

त्या फेऱ्या पुढे रोजच्याच झाल्या. घास आधी मलूल झाला, मग पानं गळाली, मग नुसत्या काड्या राहिल्या. चिकण मातीला भेगा पडल्या, त्यात हात जाईल एवढ्या. दादा बांधावर उभा राहून भेगेत काठी घालून बघायचा आणि काठी पुसत परत यायचा. जेवताना ताटातलं अर्धं टाकायचा. रात्री पंख्याखाली कूस बदलत राहायचा, ते वहिनी सकाळी सांगायची. आत्यानं चहा नेला तर घ्यायचा. "ठेव," एवढंच.

आत्यालाही चैन नव्हतं. चार गायींचं काम हातांना पुरत नव्हतं. झाडलेला गोठा ती परत झाडे. वसतिगृहाला आता पाव हिस्साही दूध जात नव्हतं आणि तिथला स्वयंपाकी रोज निरोप पाठवी. ह्या सगळ्यापेक्षा तिला एकच गोष्ट टोचत होती: खोलीतल्या सगळ्या माणसांत दादानं शेवटी तिच्याकडे पाहिलं होतं, आणि तिनं त्याला तसाच सोडला होता.

विहीर मात्र सावरत होती. गाळ बसला, पाण्याला निळसर रंग आला, वहिनीच्या नळाला स्वच्छ धार आली. नवा तुकडा संध्याकाळच्या पाण्यावर हिरवागार होता. ते बघून दादाची फेरी अजूनच भरभर व्हायची.

अशाच एका दुपारी थोरला आणि सूनबाई ठिबकच्या नळ्या आणायला तालुक्याला गेले होते. वहिनी आत आडवी झाली होती. बाहेर ऊन इतकं, की कोंबड्यासुद्धा ट्रॅक्टरखालून बाहेर येत नव्हत्या. आत्या गोठ्यात गोणपाटावर बसल्या बसल्या पेंगत होती, आणि तिला पाण्याचा आवाज आला.

मोटार चालू होती.

ती तशीच अनवाणी बाहेर पळाली आणि तळवे भाजले म्हणून परत येऊन चपला घालून गेली. पाटातून पाणी धावत होतं. दादा डोक्याला टॉवेल गुंडाळून विहिरीजवळच्या तुकड्यात दारं धरत होता, म्हणजे खोऱ्यानं माती ओढून एका वाफ्याचं तोंड बंद करत होता आणि दुसऱ्याचं उघडत होता. त्याचा चेहरा तांबडालाल झाला होता.

"दादा! अरे काय हे?"

"घसा ओला करतो नुसता," तो खोरं न थांबवता म्हणाला. "विहिरीत पाणी आहे. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पाणी असताना समोर मरू देऊ? मी नाही देणार."

"सूनबाई म्हणाली होती..."

"सूनबाई म्हणाली, तुझ्या वहिनीनं म्हटलं, तू म्हटलंस. सगळ्यांनी म्हणून झालं. आता मला करू दे."

त्याला धाप लागली होती. प्रत्येक ओढीला तो एक श्वास मधेच गिळत होता. आत्याला ऑपरेशनच्या वेळची वहिनी आठवली, दवाखान्याच्या बाकावर बसलेली. त्याला थांबवायचं तर भांडावं लागलं असतं, आणि भांडला असता तर तो तिथंच पडला असता. हा एक विचार झाला. दुसरा विचार असा, की तो कितीतरी दिवसांनी तिच्याशी एवढं बोलत होता.

तिनं खोरं त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"सावलीत बस. मी धरते दारं."

"तुला येतंय का?"

"तूच शिकवलंस ना लहानपणी. बस तिकडे, आणि कुठं फोडायचं ते सांग."

तो बांधावरच्या झाडाखाली बसला आणि सांगायला लागला. "ते पहिलं बांध आता. पुढचं उघड. अगं एवढं नाही, फुटेल!" पाणी भेगांमध्ये शिरताना बुडबुडे काढत होतं, जमीन घटाघटा पीत होती. दोघांना त्याचा आवाज ऐकत राहावंसं वाटलं. एकदा आत्याचा पाय चिखलात रुतला आणि ती चपलेसकट बसकण मारून पडली, तर दादा इतका हसला की त्याला छाती धरावी लागली. किती तरी दिवसांत तो हसला नव्हता. लहानपणी वडील झोपलेले बघून दोघं असंच पाटात खेळायची.

वरच्या वाफ्यांनी पाणी पिऊन टाकलं. खालच्या अंगाला मात्र माती फुगून भेगा मिटल्या आणि पाणी वर तसंच उभं राहिलं. आत्या चिखल धुवायला त्यात उतरली. पाणी कढत होतं, पाय ठेववेना. तिनं ते दादाला सांगितलं नाही.

*

वास आधी आला. शिळ्या भाजीसारखा आंबूस वास, वारा विहिरीकडून आला की घरात भरायचा. दादाला हिरवे कोंब हवे होते; तुकडा पिवळा पडला आणि पिवळ्याचा काळपट झाला. त्यात विहीर पुन्हा गाळावर गेली. नळाला चिखल, आणि नव्या तुकड्याची एक पाळी हुकली.

थोरल्यानं कुणाला विचारलं नाही. तो तडक बागेत गेला आणि धाकट्याला मोटारसायकलवर मागे बसवून अंगणात घेऊन आला. नळ्या आणल्या त्या दिवशी धाकटा अंजिराच्या बागेत एकटा होता, मोटारीच्या पेटीची किल्ली त्याच्याकडेही होती; थोरल्याच्या हिशेबात एवढं पुरे होतं.

"तुझ्या बागेला पूर्ण पाणी दिलं तरी पोट भरलं नाही ना?"

"मी मोटारीला हात लावलेला नाही!"

"मग विहीर काय हवेत उडाली? पाइप तुझ्या अंगाला फोडलास आणि जास्तीचं इथं सांडलं. तुकडा कुजलाय बघ! बाबांचा तुकडा आहे तो!"

"दादा, तोंड सांभाळून बोल." धाकटा भावाला दादाच म्हणत असे, रागातही तेवढं सुटलं नव्हतं. "मला चोर म्हणायचं असेल तर आधी वेगळं करा. आजच करा. मग विहीर तुम्ही ठेवा नाहीतर बुजवा, मला काय!"

"करू की! कोण नको म्हणतंय?"

वहिनी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि दोघं तिच्या डोक्यावरून भांडत राहिले. दादा ओट्यावर बसला होता. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. आता बोलेल, तिला वाटलं. त्याची बोटं गुडघ्यावर काहीतरी शोधल्यासारखी फिरत होती. आता तरी बोलेल. धाकट्यानं हेल्मेट जमिनीवर आपटलं, ते घरंगळत दादाच्या पायापाशी येऊन थांबलं. दादानं पाय मागे घेतला आणि मान खाली घातली.

"पाणी मी सोडलं," आत्या म्हणाली.

कुणाला ऐकूच गेलं नाही. तिला परत म्हणावं लागलं, मोठ्यानं. "अरे, त्यानं नाही सोडलं! मी सोडलं. मला बघवेना, म्हणून भर दुपारी मोटार लावली आणि दारं धरली. त्याला कशाला बोलताय?"

थोरल्याचं तोंड उघडंच राहिलं. धाकटा खाली वाकला, हेल्मेट उचललं, झटकलं, आणि ज्या आत्यानं त्याला कडेवर खेळवलं होतं तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघून निघून गेला. दादा उठला आणि आत गेला. दार त्यानं हळूच लावलं. त्या हळूच लावण्याचाच तिला जास्त त्रास झाला.

संध्याकाळी सूनबाई गोठ्यात आली. तिच्या हातात घासाचं एक झाड होतं, मुळासकट. "नुसतं ओढलं तर हातात आलं," ती म्हणाली. जुन्या घासाचं झाड दोन माणसांना ओढून निघत नाही. तिनं विळ्यानं मूळ उभं चिरलं. आत पांढरं असायला हवं तिथं कुजक्या केळ्यासारखं तपकिरी होतं. "बाकीचे दोन जुने तुकडे मी उकरून बघितले. वरून मढं, आतून पांढरंशुभ्र."

आत्या वाकून गायीपुढची वैरण सारखी करायला लागली.

"आत्या, मोटारीचा तो वरचा व्हॉल्व्ह तुम्हाला फिरतो?"

"फिरवला ना."

"यांना दोन्ही हात लावावे लागतात."

"मग लावले मी दोन्ही हात," आत्या म्हणाली आणि गायीपुढचं वैरणीचं घमेलं उगाचच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवलं. सूनबाई चिरलेलं मूळ उकिरड्यावर फेकून, बोटं पदराला पुसून निघून गेली.

*

दादा तिच्याशी बोलायचा बंद झाला तो झालाच. आधी रागानं बोलत नव्हता, आता त्याला तिच्याकडे बघताच येत नव्हतं. ती चहा घेऊन आली की तो पेपर उघडायचा. धाकटा घरी येणं टाळायचा. थोरला आत्याशी फार अदबीनं बोलायला लागला होता, ते तिला शिवीपेक्षा वाईट लागे.

मग एकदाचं ऊन उतरलं. दुपारी अंगाला चटका बसेना, विहिरीचं पाणी पायऱ्या चढायला लागलं, आणि सूनबाई म्हणाली की आता सोडायला हरकत नाही. दोन्ही जुन्या तुकड्यांना संध्याकाळी भरपूर पाणी दिलं. चार-सहा दिवस काहीच दिसलं नाही. थोरला रोज सकाळी जाऊन मातीकडे वाकून बघायचा आणि बायकोकडे न बघता परत यायचा. नंतर एका सकाळी वाळक्या बुंध्यांच्या कडेनं हिरवे ठिपके दिसले, आणि आठवड्याभरात दोन्ही तुकडे असे फुटले की वहिनीसुद्धा पोळपाट सोडून बघायला आली.

विहिरीजवळचा तुकडा काळाच राहिला.

त्या दिवशी धाकटाही आला होता, ठिबकची फुटलेली नळी बदलायला. सगळे नव्या फुटव्यांकडे बघत उभे होते. दादा एकटाच मेलेल्या तुकड्यात शिरला, एक बुंधा उपटला, झटकला आणि तो हातात घेऊन बांधापाशी आला.

"हे मी मारलं," तो म्हणाला. "पाणी मी सोडलं होतं. मोटार मी लावली. ही मागाहून आली, मला धाप लागली होती म्हणून हिनं खोरं घेतलं. त्या दिवशी अंगणात बोलायला हवं होतं. नाही बोललो." मग धाकट्याकडे वळून, "तुला चोर म्हणत होता हा, आणि मी ऐकत बसलो होतो."

थोरल्यानं मान खाली घातली. धाकट्याच्या हातातली नळी तशीच राहिली. बरंच काही बोलण्यासारखं होतं, पण तो एवढंच म्हणाला, "बाबा, उन्हात उभे राहू नका."

"मला माहीत होतं, बाबा," सूनबाई म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"आत्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना कुणी सोडलं ते. मी कशी खोटं पाडणार?"

दादानं बुंधा टाकून दिला आणि हात झटकले. "बरं. नांगरून घेतो हा तुकडा. बियाणं आहे अजून. पंधरवड्यात परत पेरतो."

सूनबाईनं थोरल्याकडे पाहिलं. हे सांगायला तिलाच पुढं व्हावं लागणार होतं. "इथं लगेच लसूणघास नाही येणार, बाबा. जुना घास आपल्या जागी नवा उगवू देत नाही. त्याच्या मुळांतून जमिनीत काहीतरी उतरलेलं असतं. बी रुजतं आणि खुरटतं. दुसरं पीक घ्यावं लागतं मधे."

"किती दिवस?"

"दोन वर्षं धरा."

दादा तुकड्याकडे बघत राहिला. वहिनी त्याच्याकडे बघत होती. त्याचं वय, त्याची छाती, दोन वर्षं. आत्याला माहीत होतं की बांधावरचा प्रत्येक माणूस तीच बेरीज करतोय, आणि दादाही.

"दोन तर दोन," शेवटी तो म्हणाला. "थांबतो. तोवर काय टाकायचं?"

"ज्वारी टाकू. चाऱ्याची. तिला पाणीही बेतानं लागतं."

"ज्वारीचा चारा मला आवडत नाही."

"गायींना आवडतो," आत्या म्हणाली. तिच्या तोंडून निघून गेलं.

दादानं तिच्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं. "तुला कोण विचारतंय?"

अंगणातल्या त्या दिवसानंतर तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला तो हा शब्द. आत्याला हसू आलं आणि त्यामागोमाग डोळे भरून आले. सगळ्यांसमोर नको म्हणून ती गोठ्याकडे वळली. लहानीला आज फोन करायचा, ट्रक कधी पाठवतेस विचारायचं, असं काहीतरी ती मनात घोळवत चालली होती.

"अगं, पळतेस कुठं?" मागून दादा ओरडला. "सात गायींना रोज किती चारा लागतो ते तरी सांग! त्या हिशेबानं पेरायला हवं ना?"

"बाबा, मी सांगते," सूनबाई म्हणाली. "एका गायीला साधारण..."

"तू थांब जरा," दादा म्हणाला. "मी तिला विचारतोय."

आत्या परत फिरली.